बाईंची मुलगी

"उभी राहा आणि वाच," मी म्हणाले.

तिसरीचा वर्ग, सकाळचा दुसरा तास. गिरिजा उठली. पुस्तक दोन्ही हातांनी धरून तिनं धड्याचा पहिला परिच्छेद असा खणखणीत म्हटला की मागच्या बाकावरची पोरंही गप्प झाली. तो परिच्छेद मी आदल्या दिवशी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला होता. दुसरा दाखवला नव्हता. दुसऱ्याच्या पहिल्याच ओळीत ती अडखळली, एक ओळ गाळून तिसरीवर गेली, तिथून परत पहिलीवर आली. मग डोळे चोळले, या पायावरचा भार त्या पायावर घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"खिडकीत लिहिलंय का?" मी विचारलं. वर्ग हसला.

"नाही बाई."

"मग लक्ष कुठंय?"

"आहे की बाई."

मी बाकापाशी गेले आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली. फार जोरात नव्हती, पण चाळीस पोरांच्या वर्गात आवाज घुमला. गिरिजा दचकली. दुसरी मुलं माझा हात उठलेला दिसला की आधीच खांदे आक्रसून घ्यायची. ही कधी तसं करायची नाही. हात गालावर पडेपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहायची. मला तो निगरगट्टपणा वाटायचा.

ती माझी मुलगी. शाळेच्या फाटकातून आत आलं की मी तिची बाई, बाहेर पडलं की आई, हा नियम मीच घालून दिला होता आणि तिनं तो एकदाही मोडला नाही.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. गाव मला शिंत्रेबाई म्हणायचं. आमच्याकडे पहिलीला ज्या बाईंनी वर्ग घेतला त्यांनीच तो चौथीपर्यंत न्यायचा अशी रीत होती. माझ्या त्या तुकडीत एक्केचाळीस मुलं. एक्केचाळिसावी गिरिजा.

एक्केचाळिसावी म्हणजे पटावर नव्हे, पटावर ती मधेच कुठेतरी होती. पण माझ्या आधीच्या गुरुजींचा मुलगा त्यांच्याच वर्गात होता आणि त्याचा प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर यायचा. गावानं त्यावरून गुरुजींना पार धुऊन काढलं होतं. मी रुजू झाले त्या दिवशीच ठरवलं, माझ्या मुलीवरून मला कुणी बोट दाखवणार नाही. खाऊ वाटताना गिरिजा शेवटी, लस टोचायला शेवटी. गणवेशाचं कापड आलं की चाळीस जणांचं माप झाल्यावर उरेल ते तिचं. पालकसभेत लोक म्हणायचे, "बाई, आपल्या पोरीला असं मागं ठेवायला काळीज लागतं." मी नको नको म्हणायचे आणि घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

दर जानेवारीत आम्ही मुलांचे डोळे तपासायचो. त्यासाठी आम्हा शिक्षकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि अक्षरांचा एक तक्ता. वरती एक ठळक अक्षर, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. व्हरांड्याच्या एका टोकाला तो टांगायचा, वीस फुटांवर खडूनं रेघ मारायची, मुलानं एक डोळा हातानं झाकून वाचायचं. बाकीची मुलं भिंतीला टेकून रांगेत बसलेली. मी काटेकोर होते. बोटांच्या फटीतून बघणाऱ्याला लगेच पकडायचे. पहिलीच्या वर्षी दोन मुलांना खालच्या ओळी आल्या नाहीत, त्यांना तालुक्याला पाठवलं, त्यांना चष्मे लागले. मुख्याध्यापकांनी शेरेबुकात माझं नाव घेऊन लिहिलं.

गिरिजा शेवटी आली. उजवा डोळा, डावा डोळा, वरपासून खालपर्यंत एक अक्षर चुकली नाही. मी तिच्या कार्डावर सहा बाय सहा लिहिलं आणि खाली सही केली. दुसरीत तेच लिहिलं आणि तिसरीतही.

वाचायचं म्हटलं की मात्र तिचं सगळं बिनसायचं. कविता तिला एकदा ऐकलेली पुरायची. एकोणतीसचा पाढा ती उलटा म्हणायची. पण नवं पान पुढे ठेवलं की दोन मिनिटांत पेन्सिल पडायची, ती शोधायला ती बाकाखाली जायची, वर आली की पाणी प्यायचं असायचं. फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगावं तर शेजारणीच्या वहीत तोंड घालायची. म्हणजे हुशार आहे, पण करायचं नाही, असंच मी धरून चालले. मठ्ठ मूल मला चाललं असतं. ज्याला येतं आणि तरी जे करत नाही, त्याचा मला संताप यायचा.

एकदा हे दूध संघातून आले आणि जेवताना म्हणाले, "गिरिजा टीव्हीला अगदी नाक लावून बसती गं. डोळे एकदा दाखवून आणू या का?"

"अहो, दर वर्षी मी स्वतः तपासते. कार्ड आणून दाखवू?"

"नको. तू म्हणतीस तर असंल."

त्यांनी विषय सोडला. माझ्याशी वाद घालायची त्यांची पद्धतच नव्हती आणि मला तेव्हा ते सोयीचं वाटायचं.

तिसरीच्या दिवाळीत मी तिला कोल्हापूरला लहान मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस होता. घाई केली नाही. घरी कशी वागते, झोप कशी आहे, शाळेत काय होतं, सगळं विचारून घेतलं. गिरिजा तोवर खुर्चीवर पाय हलवत त्यांच्या टेबलावरचे कागद उलटेपालटे करत होती.

"कानाचं काही?"

"कान तर पोपटासारखे आहेत."

"आणि डोळे? कधी तपासलेत?"

"दोनदा," मी म्हणाले आणि पर्समधून दोन्ही कार्डं काढून त्यांच्यापुढे ठेवली. "मी स्वतः शिक्षिका आहे. आम्हाला प्रशिक्षण आहे त्याचं."

त्यांनी कार्डं पाहिली, माझी सही पाहिली आणि फायलीवर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी अटेन्शनच्या त्या आजाराचं नाव सांगितलं, तो कसा असतो ते समजावलं आणि गोळ्या लिहून दिल्या. येताना एसटीत मला हलकं हलकं वाटत होतं. पोरीला आजार आहे म्हटल्यावर आईला वाईट वाटायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण दोष माझ्या शिकवण्याचा नव्हता.

गोळ्यांनी गिरिजा शांत झाली. डबा अर्धा परत यायला लागला, गाल बसले, पण तासभर जागची हलायची नाही. पुस्तकाकडे तोंड करून बसून राहायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती शहाणी झाली हो." मीही तेच सगळ्यांना सांगत सुटले. ती वाचते आहे का, हे बघायला दोन महिने माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा कळलं की ती नुसती बसते. मग गोळी वाढली.

चौथीच्या जानेवारीत पुन्हा तक्ता, पुन्हा सहा बाय सहा. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा. माझ्या वर्गातली अकरा मुलं बसली होती, गिरिजाला मी हट्टानं बसवलं होतं. परीक्षेहून आली तेव्हा मी प्रश्नपत्रिका घेऊन एकेक प्रश्न तोंडी विचारला. तिला जवळजवळ सगळं आलं.

"मग सोडवलंस ना हे?"

"पहिल्या पानावरचं थोडं सोडवलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं संपलंच नाही गं आई. अक्षरं लई बारीक होती. हलत होती."

"अक्षरं हलत होती का तू हलत होतीस?" असं म्हणून मी तिला मारलं. त्या वेळी मात्र जोरात मारलं.

मे महिन्यात कोल्हापूरला गेले तेव्हा डॉक्टर बराच वेळ फाईल चाळत बसले. म्हणाले, "बाई, बसायला लागली, पण दीड वर्षात वाचन तसूभर पुढे सरकलं नाही. मला हे पटत नाहीये. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र आणा."

"अहो, कार्ड आहे की. आता चार झाली."

"कार्ड नको. हे मी पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. डॉक्टरांचं पत्र आणा."

मला तो माझा अपमान वाटला. पत्र त्यांच्या तोंडावर फेकायचं, एवढ्यासाठी मी दोनच दिवसांनी गिरिजाला घेऊन मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथं डॉक्टरांच्या आधी एक तरुण ताई तपासणी करायची. खोलीत अंधार केलेला, समोरच्या भिंतीवर एक उजेडाची पाटी. ताईनं गिरिजाला उंच खुर्चीत बसवलं, एक डोळा काळ्या झाकणीनं झाकला.

"घाबरू नको हं बाळ. वरपासून सांग काय दिसतंय."

गिरिजानं पाठ ताठ केली. शाळेत कविता म्हणताना करायची तशीच.

"ग," ती म्हणाली. "र, ट. प, न, म. क, ल, द, स. त, ब, ग, र, व..."

एका दमात, स्पष्ट, शेवटच्या ओळीपर्यंत. मला मनातून बरं वाटलं. मी ताईकडे बघितलं. ताई पाटीकडे बघत होती, मग गिरिजाकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, हे ती काय म्हणतीये?"

तेव्हा मी पहिल्यांदा पाटीकडे नीट बघितलं. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं. न वाचता येणाऱ्या लोकांसाठी असतात तसल्या तीन दातांच्या खुणा होत्या, कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे बाजूला. गिरिजानं म्हटलेली अक्षरं माझ्या शाळेच्या व्हरांड्यातल्या तक्त्यावरची होती, त्याच क्रमानं.

"बाळ, तिथं अक्षरं नाहीत," ताई हळूच म्हणाली. "दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखव."

अंधारात गिरिजानं मान इकडेतिकडे फिरवली. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते, तिला मी सापडत नव्हते.

"बाई?" ती म्हणाली. "चुकलं का बाई?"

ताईनं झाकणी काढली. मी खुर्चीपाशी जाऊन तिचा हात धरला.

"गिरिजा, शाळेत तू तक्ता कसा वाचायचीस?"

"म्हणायची."

"म्हणायची म्हणजे?"

"सगळ्यांचं ऐकून पाठ व्हायचा की. चाळीस जण म्हणतात, दोन दोनदा."

"अगं, पण तो बघून वाचायचा असतो."

तिला ते खरंच नवीन होतं. तिच्या चेहऱ्यावर मला लबाडीची एक रेघ दिसली नाही, आणि मी शोधली. "मला वाटलं पाठच करायचा असतो," ती म्हणाली. "पाढ्यांसारखा. ज्याला येत नाही त्याला चष्मा घालतात. आपल्या वर्गात दोघांना घातला ना. तूच म्हणालीस, बाईंच्या मुलीनं चुकायचं नाही."

आमच्या वर्गात सगळंच पाठ करायचं असायचं. पाढे, महिने, कविता, प्रतिज्ञा, नद्यांची नावं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी म्हणायचं. सहा वर्षांच्या पोरीला त्यातली ही एकच गोष्ट वेगळी आहे, हे कुणी सांगितलं होतं? मी रांग लावली, रांगेच्या शेवटी तिला बसवलं आणि ऐंशी वेळा तिच्याकडून घोकून घेतलं. पहिली उभी केली असती तर पहिल्याच वर्षी पहिल्याच ओळीला कळलं असतं. शेवटी ठेवलं, कारण गावानं मला चांगलं म्हणावं.

मग डॉक्टरीणबाईंनी औषध घालून, यंत्रातून बघून तपासलं. त्या वयस्कर होत्या, केस पांढरे, आवाज कोरडा. गिरिजाला बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं की दोन्ही डोळ्यांना अधिक साडेसातचा नंबर आहे, बहुतेक जन्मापासूनच असावा. लांबचं धूसर, जवळचं त्याहून धूसर.

"म्हणजे आता चष्मा लावला की..."

"चष्मा लावून मघाशी बघितलं मी. वरच्या तीन ओळी आल्या. त्याखाली नाही."

"का?"

"डोळा नुसता कॅमेरा असतो हो. बघायला मेंदू शिकतो, आणि तो लहानपणी शिकतो. हिच्या मेंदूला स्वच्छ चित्र कधी मिळालंच नाही. आता चष्म्यानं थोडं सुधारेल. किती, ते मी सांगू शकत नाही. पूर्ण होईल असं मी म्हणणार नाही."

"आणि सहाव्या वर्षी आणली असती तर?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा आणली असतीत तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते."

मी विचारलं, "तिचा तो चंचलपणा, तो आजार?"

"जे पान दिसतच नाही त्याच्यापुढे तुम्ही किती वेळ बसाल? काही मुलांना दोन्ही असतं. हिला आहे का, ते चष्मा लावून सहा महिन्यांनी त्या डॉक्टरांना बघू दे. गोळ्यांचं तेच ठरवतील. पण डोळे आधी बघायचे असतात. त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं होतं," मी म्हणाले.

गोळ्या वर्षाच्या आत बंद झाल्या आणि परत कधी लागल्या नाहीत. नजर मात्र थोडी सुधारून मधेच थांबली. पुढच्या शाळेत ती फळ्याच्या अगदी पुढ्यात बसायची तरी निम्मं सुटायचं. दहावीला दोनदा बसली. स्कूटर चालवायचा परवाना तिला मिळाला नाही. पुस्तक म्हणून ती आजही हातात धरत नाही आणि मी आणून देण्याचं कधीच सोडून दिलं. मी निवृत्तीपर्यंत शिकवलं. लोक अजून रस्त्यात पाया पडतात.

पण हे सगळं नंतरचं. चष्मा आला तो मे महिन्याचा शेवट होता. जाड भिंगांचा, तिच्या तोंडाला मोठा होणारा. हे कामावर गेले होते, आम्ही दोघीच घरात. मी तिला पाचवीचं नवं पुस्तक दिलं आणि शेजारी बसले. "वाच" म्हणाले नाही. तिनंच आपणहून उघडलं.

ओळीखाली बोट धरून ती एकेक अक्षर लावत होती. एका ओळीला मिनिट लागत होतं. पण ओळ सुटत नव्हती. एक झाली, दुसरी झाली. दहा वर्षांची मुलगी पहिलीतल्या मुलासारखी वाचत होती. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी होती. सगळी माझी होती. हे वाक्य मी मिरजेपासून जुळवत आले होते.

चौथ्या ओळीला चष्मा घसरून तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला. तो वर सारावा म्हणून मी हात उचलला.

गिरिजा वाचायची थांबली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी, दुकानदारानं शिकवलं होतं तसा, चष्मा काढला. काड्या मिटल्या, डबीत ठेवला, डबी लावली आणि पलंगाच्या पार पलीकडे, भिंतीशी सरकवून दिली. परत येऊन माझ्यासमोर बसली आणि डोळे मिटून घेतले.

"अगं, काय करतीस?"

"फुटला असता," ती म्हणाली. "हं, आता मार."